एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावरचा आकडा

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात जा आणि बाथरूमसाठी एक्झॉस्ट फॅन मागा. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "सहा इंची का आठ इंची?" म्हणजे गवंड्याने भिंतीत भोक केवढं ठेवलंय. दुसरा प्रश्न लोखंडी का प्लास्टिकचा, आणि तिसरा किमतीचा. खोक्यावर आणखी एक आकडा छापलेला असतो, तासाला इतके घनमीटर हवा. तो ना दुकानदार वाचत, ना आपण.

ह्या लेखात तो आकडा वाचायचाय. पण त्यासाठी आधी जरा मागे जावं लागेल, कारण खरा प्रश्न असा आहे की बंद खोलीतली किती हवा बदलायला हवी हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं आणि कशाच्या भीतीने ठरवलं? तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कोणाचा संशोधन आराखडा लिहायचा चाललाय. "मानकानुसार अमुक मूल्य घेतले" असं वाक्य तुम्ही तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहिणारच आहात, सगळेच लिहितात. त्या वाक्याच्या पोटात काय काय दडलेलं असतं हे बघायला बाथरूमच्या पंख्याइतकं स्वस्त उदाहरण मला सापडलं नाही.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. अंथुर्ण्यात, किंवा नीरा डाव्या कालव्याच्या ह्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात, जुन्या घरांना आत बाथरूम नव्हतं. न्हाणी परसदारी असायची. तीन बाजूंना आडोसा, खाली दगडी फरशी, वर बऱ्याचदा उघडं आभाळ, बाजूला पाणी तापवायला चूल नाहीतर तांब्याचा बंब. सांडपाणी आळूला किंवा केळीला. वाफ कुठे जायची हा प्रश्नच कोणाला पडला नाही, कारण ती जायचीच. हा पर्जन्यछायेचा भाग. कोरडी हवा एखादं ओलं धोतर तासाभरात वाळवते, तिला न्हाणीची फरशी वाळवायला कितीसा वेळ लागणार? मग स्लॅबची घरं आली, न्हाणी घरात आली, पुढे तर झोपायच्या खोलीला चिकटली. पाणी आत आणायला नळ आला, बाहेर काढायला पाइप आला. वाफेला मात्र कोणी वाट ठेवली नाही, फार तर छताजवळ काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी.

ह्या भागाने ही गोष्ट आधी एकदा शेतात पाहिली आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी आलं, मागोमाग ऊस आला, कारखाने आले. पाणी आत आणण्याचा हिशोब इंजिनिअरांनी चोख केला होता, जास्तीचं पाणी जमिनीतून बाहेर कसं जाईल ह्याचा नव्हता. काही वर्षांत भारी काळ्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. चोपण जमीन म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. निचऱ्याचे चर खणण्याचं शहाणपण नंतर आलं. बाथरूमच्या छताला काळी बुरशी दिसली की मला हाच निचरा आठवतो. फरक एवढाच की इथे निचरा पाण्याचा नाही, वाफेचा करायचाय.

आता आकड्यांकडे.

१८५८ मध्ये म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी बंद खोलीतल्या हवेचं मोजमाप मांडलं. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून काहीतरी घातक बाहेर पडतं आणि खोलीत साठतं, असा त्या काळचा समज होता. हे "काहीतरी" मोजायला उपकरण नव्हतं. पेटेनकोफर यांनी मार्ग काढला तो असा: श्वासातून कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो आणि तो मोजता येतो, तर त्यालाच खूण धरू. हवेत तो हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम झाला, की खोली कोंदट समजायची. हा वायू त्या प्रमाणात स्वतः घातक आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ती फक्त खूण होती. आजही वर्गातल्या हवेच्या चर्चेत १००० हा आकडा येतो तेव्हा बरेच लोक त्यालाच विष समजून बोलतात. (हेच पेटेनकोफर १८९२ मध्ये कॉलऱ्याचे जंतू असलेलं द्रव भर प्रयोगशाळेत प्यायले, रोग केवळ जंतूने होत नाही हे दाखवायला. वाचले, पण मुद्दा सिद्ध झाला नाही. आजची नीतिशास्त्र समिती काय म्हणाली असती, तुम्हीच कल्पना करा.)

इंग्लंडमध्ये लष्करी डॉक्टर द शोमाँ यांनी १८७० च्या दशकात वेगळा रस्ता धरला. सैनिकांच्या बराकीत बाहेरून शिरायचं, वास घ्यायचा, "ताजी", "किंचित कोंदट", "असह्य" अशी नोंद करायची आणि त्याच वेळी हवेचा नमुना घ्यायचा. त्यातून माणशी तासाला ३००० घनफूट, म्हणजे सुमारे ८५ घनमीटर ताज्या हवेचा आकडा आला. म्हणजे इथे मोजमापाचं साधन नाक. हसू नका, १९३६ मध्ये हार्वर्डच्या याग्लू यांनीही माणसांच्या नाकावरच भरवसा ठेवला, आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकी मानकं त्या प्रयोगांवर उभी राहिली.

द शोमाँ शिकवायचे नेटलीच्या लष्करी वैद्यकीय शाळेत. हिंदुस्थानात येणारे सरकारी डॉक्टर तिथूनच शिकून बोटीत बसायचे. तेव्हा हा सगळा "कोंदट हवा म्हणजे रोग" असा विचार त्यांच्या ट्रंकेतून मुंबईला उतरला म्हटलं तरी चालेल. आणि तिथे त्याची परीक्षा झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पालिकेने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली, भिंतींना चुना मारला, दाट वस्तीतल्या घरांची कौलं काढून छपरं उघडी केली, म्हणजे ऊन-वारा आत यावा. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं त्यांच्यावर इंग्रजीत यू. एच. एच. अशी अक्षरं रंगवली. पुण्यात रँडच्या कारवाईचं काय झालं ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. गर्दीच्या वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळती करायची हे त्याचं काम.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांचा उजेड आणि हवा ह्यावर व्याख्यान दिलं आणि साडेत्रेसष्ट अंशाचा नियम लावून धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खालच्या मजल्यापर्यंत रेषा ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी नसावी. आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी, तर इथे थांबा आणि कॅल्क्युलेटर काढा. साडेत्रेसष्ट अंशांची टॅन्जंट किती? जवळजवळ बरोब्बर दोन. म्हणजे एवढ्या भारदस्त कोनाचा अर्थ इतकाच, की इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर सोडा. असे विचित्र दिसणारे आकडे दिसले की ते मोडून बघायची सवय लावून घ्या. आणखी एक देतो. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत बाथरूमच्या खिडकीचं किमान क्षेत्रफळ ०.३७ चौरस मीटर आहे. शून्य दशांश सदतीसच का? गुणून बघा: ते चार चौरस फूट आहे. फुटांत ठरलेला गोल आकडा मीटरचे कपडे घालून बसलाय. चारच फूट का, तीन का नाहीत, ह्याचं उत्तर आर्द्रतेच्या कुठल्याही समीकरणातून निघत नाही.

पण प्लेगचं पुढे काय झालं? १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंद यांनी दाखवलं की प्लेग उंदराच्या पिसवांमधून पसरतो. लगेच कोणी मानलं नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून जे प्रयोग झाले त्यांनी वाद मिटवला. त्यातला एक प्रयोग प्रत्येक संशोधकाने वहीत लिहून ठेवावा असा आहे. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत काही प्राण्यांचे पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही पिसू उडी मारून पोचणार नाही इतक्या उंच टांगले. जमिनीलगतचे आजारी पडले, टांगलेले वाचले. हवा दोघांनाही एकच होती! दोन गृहीतकांना वेगळं करणारा प्रयोग म्हणजे काय असतो ते मला पुस्तकांपेक्षा ह्या पिंजऱ्यांनी नीट शिकवलं.

म्हणजे हवेचे नियम ज्या भीतीने आले ती भीती चुकीच्या शत्रूची निघाली. नियम मात्र राहिले, आणि राहिले ते बरंच झालं, कारण क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांना खेळती हवा खरोखरच रोखते. माझं मत विचाराल तर ऑर यांचा नियम कारणासकट चुकला असं म्हणणं अन्यायाचं आहे. पण "नियम चांगला आहे" आणि "नियमाचं दिलेलं कारण खरं आहे" ही दोन विधानं आहेत. साहित्याचा आढावा लिहिताना ती एकत्र झाली की परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतात.

तिसरा शत्रू उशिरा ओळखला गेला, आणि बाथरूमपुरता तोच खरा. १९०५ मध्ये ब्रेस्लाऊला (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) फ्ल्यूगे यांच्या संस्थेत माणसांना बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं. हवा कोंदली, गरम आणि दमट झाली, माणसं अस्वस्थ झाली. मग आतल्या माणसाला नळीतून बाहेरची ताजी हवा श्वासाला दिली, तरी बरं वाटेना. उलट बाहेर बसलेल्याने नळीतून आतली कोंदट हवा घेतली, त्याला काहीच झालं नाही. आत नुसता पंखा फिरवला की आराम. म्हणजे श्वासातलं विष वगैरे नाही, त्रास देत होती उष्णता आणि ओल.

आता पंखा. पाच बाय आठ फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम धरा. घनफळ ३६० घनफूट, म्हणजे साधारण १० घनमीटर. मार्गदर्शक तक्ते बाथरूमसाठी तासाला सहा ते दहाच्या आसपास वेळा हवा बदला असं सांगतात. दहा धरले तर १०० घनमीटर प्रति तास. तुमच्या मनात येईल की दर सहा मिनिटांनी सगळी हवा नवी. तसं होत नाही. येणारी हवा आतल्या हवेत मिसळत जाते आणि पंखा मिश्रण ओढतो. घट घातांकी असते: सहा मिनिटांनंतर जुन्या हवेचा ३७ टक्के भाग आतच असतो, अठरा मिनिटांनंतर ५ टक्के. आंघोळ झाल्याबरोबर पंखा बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वीस मिनिटं चालू द्या.

आणि ही फक्त हवा झाली. वाफ वेगळी मोजायला लागते. २८ अंश सेल्सियसला पूर्ण संपृक्त हवेत घनमीटरला सुमारे २७ ग्रॅम पाणी मावतं. जानेवारीतल्या सकाळी अंथुर्ण्यात बाहेर १४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरच्या हवेत साडेआठ ग्रॅम. म्हणजे पंखा प्रत्येक घनमीटरमागे अठरा-एकोणीस ग्रॅम पाणी बाहेर नेतो. तोच पंखा जुलैत रत्नागिरीला लावा. बाहेर २६ अंश, ९० टक्के आर्द्रता, हवेत २२ ग्रॅम आधीच भरलेलं. आता घनमीटरमागे पाचच ग्रॅम निघतात. खोक्यावरचा आकडा तोच, खोलीही तीच, काम मात्र पाव ते तृतीयांशाच्या दरम्यान. "तासाला दहा वेळा" ह्या नियमात रत्नागिरी आणि इंदापूर हा फरक कुठेच नाही, कारण तो नियम वासाच्या हिशोबाचा वंशज आहे. वासाला आर्द्रतेशी देणंघेणं नाही.

पुढचं गणित मला सगळ्यात आवडतं. आंघोळीनंतर भिंती आणि फरशी मिळून १० चौरस मीटरवर एक दशांश मिलिमीटर पाण्याचा थर राहिला धरा. तो होतो एक लिटर. हवेतली वाफ जेमतेम २७० ग्रॅम आणि फरशीवर हजार! हे एक लिटर वाफ करून बाहेर काढायला आपल्या १०० घनमीटरच्या पंख्याला जानेवारीत निदान अर्धा तास, कोकणातल्या जुलैत निदान दोन तास. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण बाहेर जाणारी हवा प्रत्येक वेळी पूर्ण संपृक्त नसते. वायपरला दीड मिनिट लागतं. पंखा घ्यायच्या आधी वायपर घ्या, गंमत करत नाही.

तरी पंखा हवाच. मग कोणता? खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा मोकळ्या हवेत, पुढे-मागे काही अडथळा नसताना मोजलेला असतो. तुमच्या बाथरूमला दार आहे. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायलाच हवी, आणि ती येते दाराखालच्या फटीतून. ७५ सेंटिमीटर रुंद दार, एक सेंटिमीटर फट. तासाला १०० घनमीटर हवा त्यातून यायची तर वेग सेकंदाला ३.७ मीटर आणि दाबातला फरक साधारण २३ पास्कल. साध्या पात्यांच्या छोट्या पंख्याचा दम त्याच सुमारास संपत येतो. पाती जोरात फिरतात, आवाज भरपूर, हवा थोडी. आता फट दोन सेंटिमीटर करा. वेग निम्मा, दाब पाव, म्हणजे सहा पास्कलच्या आत. आठ इंची पंखा घेण्याऐवजी सुताराकडून दार एक सेंटिमीटर खालून कापून घ्या किंवा दारात जाळी बसवा. त्यात पैसे वाचतात.

दुसरी चूक आपल्याकडे घरोघर दिसते. त्याच काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतल्या दोन पट्ट्या काढून पंखा बसवतात आणि बाकीच्या उघड्या ठेवतात, "हवा यायला". पंखा शेजारच्याच फटीतून बाहेरची हवा ओढतो आणि परत बाहेर फेकतो. न्हाणाऱ्याच्या डोक्यावरची वाफ जिथल्या तिथे. पंखा चालू असताना खिडकीच्या उरलेल्या पट्ट्या बंद हव्यात आणि हवा दाराकडून यायला हवी, म्हणजे ती खोलीभर वाहत जाते. शहरात फ्लॅटच्या बाथरूमची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडते. तिथे, किंवा लांब पाइपातून हवा न्यायची असेल तर, साध्या पात्यांच्या पंख्यापेक्षा पाइपात बसणारा ब्लोअरसारखा पंखा घ्यावा, तो दाब सहन करतो. दुकानात विचारा की किती पास्कलला किती हवा. बऱ्याचदा उत्तर मिळणार नाही. मग खोक्यावरचा आकडा तुमच्या गरजेच्या दुप्पट असलेला पंखा निवडा, हा माझा ढोबळ हिशोब.

एक जागा अशी आहे जिथे हा सगळा हिशोब लावूच नये. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. तेवढा गॅस जळायला तासाला बारा-तेरा घनमीटर हवा लागते, म्हणजे अख्ख्या बाथरूममधल्या हवेपेक्षा जास्त. दार-खिडकी बंद ठेवून दहा मिनिटं तो चालला की ऑक्सिजन कमी होत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. द शोमाँ यांचं नाक इथे काही कामाचं नाही. "एक्झॉस्ट लावलाय ना" हे उत्तरही पुरेसं नाही. थंडीत गार झोत लागतो म्हणून लोक आंघोळीच्या वेळी तोच बंद करतात, आणि चालू ठेवला, दाराखाली फट नसली, तर तो धुराड्यातून बाहेर चाललेला वायूच आत ओढू शकतो. गिझर भिंतीच्या पलीकडे उघड्या हवेत बसवायचा, आत फक्त गरम पाण्याचा नळ. परसदारी जिथे बंब असायचा, तिथेच.